‘अणी’ची खोटी साक्ष

“गुप्ते, हे गोमाजी तांडेल वेसाव्याला नक्की कुठं राहतात?”

टिल्लू मास्तरांनी माझं कार्ड खिडकीच्या उजेडाकडे धरलं होतं. माझा टाक दौतीत बुडालेलाच राहिला. गोमाजी तांडेल वेसाव्याला राहत होते, हे खरं होतं. सत्तरी ओलांडलेले होते, हेही खरं. पण कार्डावर त्यांच्या नावाने जे वाक्य लिहिलं होतं, ते त्यांनी जन्मात कधी उच्चारलं नव्हतं. ते मी ठोकून दिलं होतं.

“कोळीवाड्यात,” मी म्हटलं. “का हो मास्तर?”

“मला भेटायचंय त्यांना. येत्या रविवारी जाऊ. तुम्ही बरोबर या, म्हणजे ओळख करून द्याल.”

“मीच जाऊन येते की. नेहमी मीच जाते.”

“नाही. या माणसाला मी स्वतः भेटणार. तीस वर्षं वाट पाहिलीय मी या माणसाची.”

तीस वर्षं वाट पाहिलेला तो माणूस मी एका शुक्रवारी दुपारी, घरी जायची घाई असताना, दहा मिनिटांत तयार केला होता.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच बी. ए. झाले होते आणि अंधेरीला एका शब्दकोशाच्या कचेरीत मदतनीस म्हणून लागले होते. कचेरी हा शब्द जरा भारीच झाला. एका शाळेच्या मागच्या दोन खोल्या, भिंतीला लावलेले लाकडी खण आणि त्या खणांत हजारो कार्डं. मुख्य संपादक होते टिल्लू. आधी बरीच वर्षं हायस्कुलात शिकवलेलं, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. धोतर, काळी टोपी, बंद गळ्याचा कोट. आवाज बारीक, पण चूक दिसली की तो आवाज दोन्ही खोल्यांत पुरून उरे.

कोश कसा तयार होतो, हे लोकांना सहसा माहीत नसतं. लोकांना वाटतं, कुणी तरी विद्वान माणूस अ पासून लिहायला बसतो आणि ज्ञ पर्यंत जाऊन उठतो. तसं नसतं. कोश कार्डांवर उभा असतो. एका कार्डावर एकच शब्द. वर शब्द, मधे अर्थ, आणि खाली साक्ष. साक्ष म्हणजे तो शब्द त्या अर्थाने कुणी वापरला, कुठे, आणि कुठल्या वाक्यात. जुन्या पोथीतलं वाक्य चालतं, बाजारात ऐकलेलंही चालतं. पण वाक्य हवं आणि त्या वाक्याला धनी हवा. मास्तर म्हणत, “साक्ष नाही तर अर्थ नाही. मग तो तुम्हाला कितीही पटो.”

आठवड्याला ठरलेली कार्डं द्यावी लागत. आणि एक नियम होता. खोटी साक्ष लिहिली की त्याच दिवशी घरी. माझ्या आधी जो मुलगा त्या जागेवर होता, त्याने स्वतःच्या आजीच्या नावावर एक म्हण खपवली होती. मास्तर आजीला भेटायला गेले. आजी चांगली खणखणीत निघाली. “असलं काही मी म्हणत नसते,” असं तिने नातवाच्या देखत सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या मुलाची खुर्ची रिकामी होती. त्याच खुर्चीवर मी बसत होते.

माझी नोकरी हा आमच्या घरात रोजच्या कुरबुरीचा विषय होता. मुलीने एवढं शिकून कार्डं कसली लिहायची, असं आई म्हणे. नोकरी गेली असती तर दुसऱ्या दिवसापासून स्थळं यायला लागली असती. आणि मला ते काम मनापासून आवडत होतं. म्हणजे गमवायला माझ्याकडे पुष्कळ होतं, आणि तरी मी तो उद्योग केला.

आता तो शब्द सांगते. शब्द होता ‘अणी’. अणी म्हणजे टोक, विशेषतः बाणाचं किंवा भाल्याचं. शब्द जुना आहे, संस्कृतातून आलेला. आपण अणकुचीदार म्हणतो, त्यातला ‘अण’ बहुतेक तोच. बाणाच्या टोकाला मराठीत आणि संस्कृतात शब्दांची काही कमी नाही. फळ आहे, पातं आहे, शल्य आहे. मास्तरांना या शब्दांचं भारी प्रेम. दुपारचा चहा आला की ते बोलायला लागत.

“गुप्ते, डॉक्टर शस्त्रक्रिया करतो तिला शल्यक्रिया का म्हणतात?”

“का?”

“शल्य म्हणजे बाणाचं टोक. ते अंगात घुसून मोडायचं. ते बाहेर काढणं हे जुन्या वैद्याचं सगळ्यात अवघड काम. त्या कामावरून अख्ख्या शास्त्राला नाव पडलं. आणि मनात काही तरी सलतं, सल राहतो, तोही तोच. लढाया संपल्या, धनुष्यं गेली, पण टोक अजून आपल्या बोलण्यात रुतून बसलंय बघा.”

हे बोलताना त्यांचा चहा निवून जाई. ते ऐकताना मला वाटायचं, आपण जगातल्या सगळ्यात श्रीमंत कचेरीत काम करतो.

पण त्यांचा खरा जीव होता तो आणीबाणीवर. आणीबाणीचा प्रसंग आपण सगळेच म्हणतो. हा शब्द आला कुठून? मास्तरांचा एक तर्क होता. धनुष्य पूर्ण ओढलं की बाण मागे येत येत त्याची अणी धनुष्य धरलेल्या मुठीपाशी येते. तिथून पुढं ओढता येत नाही. फार वेळ धरवतही नाही, हात कापायला लागतो. आणि सोडला की परत घेता येत नाही. अणी आणि बाण यांचा तो जो क्षण, ती अणीबाणी. पुढं तिची आणीबाणी झाली.

मला हा तर्क पहिल्यांदा ऐकला तेव्हाच पटला. कुणालाही पटावा असाच आहे. फक्त त्याला साक्ष नव्हती. बाण ओढल्यावर ‘अणीला आला’ असं म्हणणारा एकही जिवंत माणूस मास्तरांना तीस वर्षांत भेटला नव्हता. एका सभेत त्यांनी हा तर्क मांडला, तेव्हा पुण्याचे एक मोठे विद्वान म्हणाले होते, “मास्तर, हा बाण तुमच्या धनुष्यातून सुटलेला आहे. लोकांच्या नव्हे.” सभा हसली होती. अणी म्हणजे गाडीच्या आसाची खीळसुद्धा होते, त्यावरूनही शब्द आला असेल, असं त्या विद्वानांचं म्हणणं. त्यालाही साक्ष नव्हती, पण ते पुण्याचे होते.

त्या शुक्रवारच्या आधी मास्तर बोरिवलीच्या डोंगरात एका आदिवासी पाड्यावर जाऊन आले होते. तिथं लोक अजून बाणाने शिकार करत. येताना त्यांनी एक बाण आणि एक लहानसं धनुष्यही आणलं. मी उत्सुकतेने विचारलं, “काय म्हणतात टोकाला?”

“पातं,” मास्तर म्हणाले. आणि तसं कार्ड लिहून त्यांनी स्वतःच्या हाताने खणात ठेवलं. त्या आठवड्यात चहाच्या वेळी ते काही बोललेच नाहीत.

शुक्रवारी मला तीन कार्डं कमी पडत होती. दोन कशीबशी झाली. तिसऱ्याच्या वेळी मला मास्तरांचा पडलेला चेहरा समोर दिसत होता. आमच्याकडे मासळी घेऊन येणारी हिराबाई वेसाव्याची. तिच्या तोंडून तिच्या सासऱ्यांचं नाव मी ऐकलेलं. मी कार्ड घेतलं आणि लिहिलं. ‘अणी : बाणाचे टोक. साक्ष : गोमाजी तांडेल, वेसावे. बान अनीला आला का हात कापतंय.’

वाक्य छान जमलं होतं. खोटं कशाला सांगू, मला त्याचा अभिमानही वाटला. आळस किती आणि मास्तरांना खूश करायची हौस किती, हे मला आजही वेगळं काढता येत नाही.

सोमवारी मास्तरांनी ते कार्ड वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग उठून खिडकीपाशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. “काय वाक्य आहे!” एवढंच म्हणाले. त्याच दिवशी त्यांनी अणीखाली व्युत्पत्तीची, म्हणजे शब्द कुठून आला त्याची, अकरा ओळींची टीप लिहिली आणि छापखान्यात पाठवली. आमच्या कोशाचा पहिला भाग तेव्हा छापायला गेला होता. त्यात नेमका ‘अ’ होता. पंधरा दिवसांत गॅली आली. गॅली म्हणजे पानं पाडण्याआधी छापखाना जी लांबलचक कागदी पट्टी तपासायला पाठवतो ती. तिच्यावर गोमाजी तांडेलांचं नाव शाईने ठळक उमटलेलं होतं.

मास्तरांची आणखी एक पद्धत होती. बोलून दिलेली साक्ष छापण्याआधी त्या माणसाला वाचून दाखवायची. एरवी हे काम माझ्याकडे असे. या खेपेलाही असेल, या हिशोबावर मी निर्धास्त होते. म्हणून तर त्यांच्या त्या पहिल्या प्रश्नाने माझी वाट लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबाई दारात आली. टोपली उतरवली. आई आत होती, तेवढ्यात मी उंबऱ्यावर बसले.

“हिराबाई, एक काम होतं गं.”

“बोल ना गो. पापलेट पायजे?”

“पापलेट नको. आमचे साहेब तुझ्या सासऱ्यांना भेटायला येणार आहेत. बाणाच्या टोकाला काय म्हणतात, असं विचारतील. त्यांनी ‘अणी’ म्हणायचं. एवढंच.”

“बान? आमचा म्हातारा?” हिराबाई टोपलीवर हात आपटून हसायला लागली. “अगो, त्यानं सगला जनम डोलीन मासली धरली. बान तं त्यानं रामाचे फोटून बगला असंल!”

डोल म्हणजे खाडीच्या तोंडाशी लावतात ते पिशवीसारखं मोठं जाळं. धनुष्यबाणाचा आणि डोलीचा काय संबंध, हे कार्ड लिहिताना माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“हसू नकोस गं. माझी नोकरी जाईल.”

ती हसायची थांबली. माझ्याकडे नीट बघितलं. मी सगळं सांगितलं.

“खोटा तं आमी पन बोलताव,” ती म्हणाली. “भाव सांगताना बोलताव. पन तवा गिऱ्हाईक जानतंय, आमी पन जानताव. ह्या तुजा छापून येल ना? त्यान म्हाताऱ्याचा नाव येल?”

“येईल.”

“मंग बग बाय.” तिने कोयता बाजूला ठेवला. “मी सांगन त्याला. पन तो जमवल का नाय, मना ठाव नाय. त्याला खोटा बोलाला येत नाय.”

रविवारी आम्ही अंधेरीहून वेसाव्याची बस धरली. मास्तरांच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक लांबट पुडकं होतं. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, “काय आजोबा, शिकारीला का?” मास्तर खुशीत हसले. तीस वर्षं ज्याची वाट पाहिली, त्याच्याकडे ते निघाले होते. मी खिडकीबाहेर बघत होते. रस्त्याच्या कडेची झाडं मोजायचा प्रयत्न केला, तोही धड जमला नाही.

कोळीवाड्यात शिरलं की आधी वास येतो. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. गोमाजी तांडेल ओट्यावर बसून जाळं दुरुस्त करत होते. उघडं अंग, लाल टोपी, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा. हिराबाई दाराशी उभी. तिने मला खुणेने सांगितलं, की सांगितलंय.

“या, बसा,” तांडेल म्हणाले.

मास्तर चपला काढून सरळ त्यांच्या शेजारी, जाळ्याच्या कडेला बसले. नाव सांगितलं, नमस्कार केला. मग पुडकं सोडलं आणि बाण उचलून तांडेलांच्या हातात दिला. आणि गप्प बसले.

ही त्यांची रीत होती. ती मला माहीत होती, पण त्या घबराटीत मी विसरले होते. माणसाला शब्द विचारायचा नाही. ‘याला अमुक म्हणता का?’ असं विचारलं की भला माणूस हो म्हणतो. पाहुण्याचं मन मोडायला नको म्हणून म्हणतो. म्हणून वस्तू हातात द्यायची आणि वाट बघायची. लवकर किंवा उशिरा माणूस आपल्या शब्दाने बोलतो.

तांडेलांनी बाण घेतला. सुनेकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि एका दमात म्हणाले, “अनी. ह्याला आमी अनी बोलताव.”

अजून कुणी काही विचारलंच नव्हतं.

मास्तरांचा चेहरा मात्र उजळला. क्षणभरच, पण मी तो पाहिला. लहान मुलाच्या हातात पतंगाचा मांजा द्यावा तसा तो चेहरा झाला होता. मग मास्तरांनी धनुष्य पुढं केलं. “जरा हेही बघा की.”

तांडेलांनी बाण खाली ठेवला आणि धनुष्य घेतलं. काठीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. दोरी चिमटीत धरली. नखाने खरवडली. चष्मा वर करून जवळ नेऊन बघितली, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोकळा झाला. “ही दोरी कोनी वलली हो? पील सैल हाय. पान्यान टाकली तं दोन दिस टिकाची नाय.”

मी मास्तरांकडे बघितलं. ते तांडेलांच्या बोटांकडे बघत होते. ज्या माणसाने कधी बाण मारला असेल तो आधी बाण बघेल, तोल बघेल, टोक बोटाने चाचपेल. या माणसाने टोक बाजूला ठेवलं आणि दोरी धरली. कोशाचं काम करणाऱ्याला हे कळायला दुसरा पुरावा लागत नाही.

मास्तरांचा चेहरा हळूहळू नेहमीचा झाला. ते रागावतील, माझ्याकडे वळतील, असं मला वाटलं. त्यांनी बाण उचलून पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला. खिशातून कोरी कार्डं काढली आणि विचारलं, “तांडेल, चांगला पीळ कसा ओळखायचा?”

आणि तो म्हातारा बोलायला लागला. दोरीचा पीळ, जाळ्याची गाठ, होरीचे, म्हणजे होडीचे, एकेक भाग. भरतीला काय म्हणतात, ओहोटीला काय, पाण्याचा जोर कमी असतो त्या भांगाच्या दिवसांत डोल का लावत नाहीत. पहाटेचा मतलई वारा कुठून सुटतो आणि कसा पडतो. यातले काही शब्द मी जुन्या कोशांत वाचलेले होते आणि पाठ केलेले होते. ते कशाला म्हणतात, हे त्या दिवशी दिसलं. काही शब्द कुठल्याच कोशात नव्हते. मास्तर एकही शब्द स्वतःहून सुचवत नव्हते. वस्तूकडे नुसतं बोट दाखवत आणि थांबत. दोन तास त्यांनी मान वर केली नाही. ज्याच्यासाठी आलो ते हातचं गेलं, हे कळल्यावर पाचव्या मिनिटाला हा माणूस दुसऱ्या कामाला लागला होता. असं करायला काय लागतं, ते मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. आता कळतं.

निघताना तांडेलांनी सुक्या बोंबलांचा एक जुडगा मास्तरांच्या हातात ठेवला. मास्तर जन्माचे शाकाहारी. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि बसच्या थांब्यावर आल्यावर माझ्या पिशवीत घातला.

बस यायची होती. मला आता राहवेना.

“मास्तर, ते वाक्य माझं आहे. तांडेल तसं कधीच म्हणाले नाहीत. आज जे म्हणाले, तेही मीच सांगायला लावलं.”

“कळलं मला,” मास्तर म्हणाले.

“मी उद्या राजीनामा देते.”

मास्तरांनी बस येते का ते पाहिलं. मग छत्री जमिनीवर टेकवून म्हणाले, “गुप्ते, मला आज कळलं ही शरमेची गोष्ट आहे. मला ते कार्ड आलं त्या सोमवारीच कळायला हवं होतं. कोळी आणि धनुष्यबाण! पहिलीतल्या पोराने विचारलं असतं, की कोळी मासे बाणाने मारतो का? मी विचारलं नाही. दुसरं कुठलंही कार्ड मी चार वेळा उलटून बघतो. हे बघितलं नाही. का? तर मला ते हवं होतं.”

मला रडू आलं. मी म्हटलं, “तुमचा काही दोष नाही हो.”

“आहे. तुम्ही खोटं लिहिलंत, ही तुमची चूक. ती दहा मिनिटांची. मी तपासलं नाही, ही माझी. तिला तीस वर्षं लागली.” मग एकदम बारीक आवाज चढला. “आणि राजीनामा कसला देताय? तुमची आजवरची सगळी कार्डं आता संशयात आली. ती तपासणार कोण? मी? एकेका साक्षीदाराच्या दारात परत जायचं. वाक्य वाचून दाखवायचं. तो नाही म्हणाला की कार्ड फाडायचं. सगळी कार्डं होईपर्यंत नवीन एक लिहायचं नाही. कबूल असेल तर उद्या या. नसेल तर नका येऊ.”

बस आली.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन छापखान्यात गेले. तिथले फोरमन कांबळी, मालवणकडचे. शिशाचे खिळे जुळवून पान बांधून तयार होतं. मास्तरांनी त्या अकरा ओळींवर बोट ठेवलं. “हे काढा.”

“काय सांगतास मास्तरानू?” कांबळी उडालेच. “पान बांदून झाला. अकरा ओळी काढल्यार खाली उघडा पडतला. दुसरा काय तरी घाला तेच्यात.”

“त्या जागी एकच ओळ घाला. ‘व्युत्पत्ती निश्चितपणे माहीत नाही.’ बाकी कोरं राहू द्या.”

“कोरा? लोक म्हणतले, छापखान्यान खाल्ल्यान.”

“लोकांना काय ते मी सांगतो.”

कांबळींनी चिमट्याने एकेक ओळ उचलली. मास्तर शेवटची ओळ निघेपर्यंत उभे होते. तीस वर्षं ज्यांनी तो तर्क जपला, चहाच्या कपावर शंभरदा सांगितला, त्यांनीच तो खिळा खिळा करून पेटीत परत टाकायला लावला. त्यांच्या जागी मी असते तर निदान ‘एक तर्क असा आहे’ म्हणून दोन ओळी ठेवल्या असत्या. मी तसं सुचवलंही. ते म्हणाले, “तर्क माझा आहे. कोश माझा नाही.”

पहिला भाग बाहेर पडला तेव्हा प्रस्तावनेत शेवटी एक परिच्छेद होता. तो आम्हा कुणाला त्यांनी आधी दाखवला नव्हता. त्यात लिहिलं होतं, की ‘अणी’ या शब्दाखाली संपादकाने उतावीळपणे एक न तपासलेली साक्ष स्वीकारली होती, ती छपाईच्या वेळी काढावी लागली, म्हणून त्या पानावर जागा कोरी आहे, आणि या चुकीची जबाबदारी सर्वस्वी संपादकाची आहे. माझं नाव नव्हतं. ‘मदतनिसांच्या हातून’ असा शब्दही नव्हता. ते पान घेऊन मी शाळेच्या मागच्या विहिरीपाशी गेले आणि मनसोक्त रडले. पुण्याच्या त्या विद्वानांनी पोस्टकार्ड पाठवलं. स्वतःची चूक स्वतःच्या कोशात छापणारा संपादक आपण पहिल्यांदाच पाहिला, असं त्यात होतं. ती स्तुती होती की टोमणा, यावर आमच्यात बरेच दिवस वाद झाला. मास्तरांनी ते कार्ड ‘पोस्टकार्ड’ या शब्दाच्या खणात टाकून दिलं.

मला माझी कार्डं तपासायला पुढचे सात महिने लागले. घाटकोपर, मुलुंड, दहिसर, जिथं जिथं माझे साक्षीदार होते तिथं मी परत गेले. पुन्हा साफ खोटं असं एकही निघालं नाही, हे माझं नशीब. पण दोन ठिकाणी मी वाक्य थोडं घासूनपुसून लिहिलेलं निघालं. दहिसरच्या एका आजीला मी तिचं वाक्य वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, “मी इतकं गोड कधी बोलले गं बाई?” ते कार्डही फाडलं.

तांडेलांच्या शब्दांची कार्डं मात्र सगळी कोशात आली. त्यांच्या नावासकट. ती वाचून दाखवायला मीच गेले होते. त्यांनी तीन ठिकाणी दुरुस्ती सांगितली आणि तिन्ही बरोबर होत्या. हिराबाई म्हणाली, “आता कसा चेहरा सरल हाय बग त्याचा.”

मास्तरांच्या मागून त्यांच्या खुर्चीवर मी बसले आणि बरीच वर्षं बसले. माझ्या हाताखालीही मुलं-मुली आली. चांगली हुशार. त्यांच्यातलं कुणी तरी अधूनमधून एखादं असं कार्ड आणे, की वाचताच मन हरखून जावं, जागचं उठून खिडकीपाशी जावंसं वाटावं. असं कार्ड मी वाचून लगेच दुसऱ्या कुणाकडे तपासायला देई. जी कार्डं मला मुळीच आवडत नसत ती मी स्वतः तपासायला घेई. तिथं माझी नजर फार चांगली चाले.